थर्मन सिस्कची साक्ष

आल्टा सिस्क बाथटबशी वाकून नवऱ्याची चड्डी गार पाण्यात चोळत होती आणि मनातल्या मनात आमदाराला शिव्या घालत होती. मोठ्यानं घालायची सोय नव्हती. बाहेर व्हरांड्यात थर्मन बसला होता, आणि त्याच्या लेखी आमदार रँडल क्रॅबट्री म्हणजे देवाच्या खालोखालचा माणूस. टबातलं पाणी लाल झालं, तिनं बूच काढलं, पुन्हा पाणी सोडलं. कपड्यांची दोरी अंगणात होती, पण तिथे वाळत घातलं तर येणाराजाणारा बघणार. रोज एकाच माणसाच्या एवढ्या चड्ड्या कशा, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? म्हणून ती ते कपडे आतल्या बंद खोलीत, खुर्चीच्या पाठीवर वाळवायची. नवऱ्याचं दुखणं चोरीच्या मालासारखं लपवायची पाळी आली होती बाईवर.

दुखणं साधं नव्हतं. वसंतात शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा शहरातल्या सर्जननं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की आतड्याच्या अगदी शेवटी गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण अजून पसरलेली नाही.

"आत्ता काढली तर तुम्ही चांगले म्हातारे होऊन मराल," तो म्हणाला होता. "वेळ काढलात तर मग माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही."

आल्टाच्या जिवात जीव आला. निघते म्हणतोय ना, मग काढून टाका की! पण सर्जन पुढे बोलला. गाठ अशा जागी होती की ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लागणार होती, कायमची. ते ऐकलं आणि थर्मनचं तोंड जे उतरलं ते उतरलंच.

थर्मन घोड्यांना नाल ठोकणारा. अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या डोंगरात, टर्की फोर्क गावापासून पार नदीपलीकडच्या गावांपर्यंत, घोडं लंगडलं की लोक त्यालाच बोलावत. दिवसभर कंबरेत वाकायचं, घोड्याचा पाय मांड्यांत धरायचा आणि हातोडी चालवायची. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

"पिशवी लावून वाकू मी घोड्याखाली?" परतताना गाडीत तो म्हणाला. "आणि ती फुटली म्हणजे? लोक हसतील, आल्टा."

"हसू देत. तू मेलास तर रडतील, ते चालेल तुला?"

"ते मला ऐकू तरी येणार नाही."

असा माणूस! याच्यापुढे डोकं आपटून घ्यावं की काय करावं, सांगा.

घरी आल्यावर त्यानं स्वतःच स्वतःचा इलाज सुरू केला. पशुखाद्याच्या दुकानात घोड्यांच्या जंतांवरची पेस्ट मिळते, आयव्हरमेक्टिन नावाची. नळीच्या दट्ट्यावर घोड्याच्या वजनाचे आकडे असतात. तेवढी दाबायची आणि घोड्याच्या तोंडात सोडायची. थर्मननं आयुष्यभर ती घोड्यांना दिलेली. त्यात कुणीतरी त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला की याच औषधानं माणसाच्या पोटातल्या गाठी विरघळतात. झालं! डॉक्टरपेक्षा घोड्यावर विश्वास जास्त. घोड्याला मानवतं ते मला का मानवणार नाही, हा त्याचा सवाल. आपलं वजन बघून तो दट्ट्या लावायचा आणि पावावर लोणी लावून खावं तशी ती पेस्ट चाटायचा.

आल्टानं आकाशपाताळ एक केलं. "नळीवर घोड्याचं चित्र आहे, थर्मन! तुला शेपूट फुटलंय का?" नळ्या सापडतील तिथून उचलून तिनं उकिरड्यात टाकल्या. जेवताना ती खिंकाळून दाखवायची, आणि तो न हसता खात राहायचा. पण हळूहळू तो नरमायला लागला होता. बायकोनं रोज घोडा म्हटलेलं कुणाला सोसतं? एकदा तर म्हणाला, "बरं बाई, लाव फोन त्या सर्जनला, पिशवी केवढी असते ते तरी विचारू." त्या दिवशी आल्टानं पीचचा केक केला होता.

आणि तेवढ्यात कायदा आला.

आमदार क्रॅबट्री त्यांच्याच चर्चचा, पुढून दुसऱ्या बाकावर बसणारा. विधानसभेत त्यानं विधेयक आणलं की हे औषध माणसांनाही मिळावं, डॉक्टरची चिठ्ठी न मागता, गावातल्या औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या गोळ्या मिळतात तसं. लोकांना ते पटलं. डॉक्टर गाठायचा म्हणजे दोन डोंगर ओलांडायचे, वर त्याची फी, वर त्याची बोलणी. आणि खरं सांगायचं तर आल्टालाही पटलं होतं. चर्चच्या जेवणात तिनं स्वतः क्रॅबट्रीच्या ताटात कोंबडी वाढली आणि म्हणाली, "लवकर करा बाई काहीतरी, हा घोड्याचं खातोय." तिचा हिशेब वेगळा होता. खायचंच असेल तर माणसाचं खाऊ दे, आणि मध्ये गेलन प्रुएट असू दे. गावातलं औषधाचं दुकान गेलनचं. शाळेपासूनचा दोस्त, शिकलेला, थर्मन त्याचं ऐकायचा. गेलन त्याला काउंटरवरच चार गोष्टी सुनावेल, असं तिला वाटलं होतं.

राज्यपालांची सही झाली आणि आल्टाचं एकुलतं एक हत्यार गेलं. घोड्याचं औषध म्हणून आता हिणवणार कशी? सरकारनंच ते माणसांचं करून टाकलं.

गोळ्या आल्या त्या दिवशी दोघं दुकानात गेले. तिथे खिडकीपाशी एक टेबल आहे, सकाळपासून गावातले रिकामे म्हातारे कॉफी ढोसत बसतात. थर्मन आला तसे सगळे गप्प झाले, म्हणजे ऐकायला.

"थर्मन, हे जंतांचं औषध आहे," गेलन म्हणाला. "तुला जंत झालेत का?"

"सरकारनं काय उगीच कायदा केला?"

"कायद्यानं विकायला मोकळीक दिली. कशाकशावर चालतं ते कायद्यात लिहिलेलं नाही."

"म्हणजे तू देणार नाहीस?"

टेबलावरून एक म्हातारा ओरडला, "काय रे गेलन, डॉक्टर लोक हप्ता देतात की काय तुला?" बाकीचे खदाखदा हसले.

गेलननं आल्टाकडे बघितलं. आल्टा डोळ्यांनी विनवत होती, नाही म्हण, एकदा तोंड उघडून नाही म्हण. तो म्हणेल असं क्षणभर वाटलंही. पण त्यानं टेबलाकडे बघितलं, तिथल्या प्रत्येकाच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या याच दुकानातून जात होत्या, आणि मग त्यानं खोकं कागदी पिशवीत घातलं.

"खोक्यावर अजून 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' असंच छापलंय," तो पुटपुटला. "सही करणारे निराळे, छापणारे निराळे. तुझं तू बघ. पण ऑपरेशन करून घे रे बाबा. हे खा आणि तेही करून घे."

"आधी हे," थर्मन म्हणाला. "मग बघू."

त्या गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्या दिवसांत रक्त थांबलं.

सर्जननं सांगून ठेवलं होतं की असलं रक्त मध्येच थांबतं आणि मध्येच सुरू होतं, त्यावर जाऊ नका. आल्टाला ते पाठ होतं. तरी सांगते, तिलाही मोह पडलाच. नवरा शीळ घालत उठायला लागला, बीन्स आणि मक्याचा पाव दोनदा मागून घ्यायला लागला, तर कुठल्या बायकोला वाटणार नाही की सर्जन चुकला असेल? रात्री देवाला ती म्हणायची, मला खोटं पाड, मला मूर्ख ठरव, माझी काही तक्रार नाही.

मग एका रविवारी थर्मननं साक्ष दिली.

आमच्या चर्चमध्ये साक्ष म्हणजे पोरखेळ नाही. भजन झाल्यावर पास्टर विचारतात, कुणाला काही सांगायचंय का? ज्याला देवानं काही केलंय तो उभा राहतो आणि चारचौघांत सांगतो. एकदा सांगितलं की ते वचन झालं. दारू सुटली म्हणून साक्ष दिलेला हॉलिस बाटलीसकट दिसला, तेव्हा कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. पण त्याच्या बाकावर कुणी बसेना, आणि शेवटी तो घर विकून दुसऱ्या गावाला गेला. बरं झालो म्हणून साक्ष द्यायची आणि मग डॉक्टरकडे जायचं, म्हणजे देवाला तोंडावर खोटं म्हणायचं.

थर्मन कधीच उभा राहणारा नव्हता. त्या दिवशी राहिला. "माझ्या पोटात गाठ होती," तो म्हणाला. "देवानं आणि रँडलच्या कायद्यानं मला बरं केलं. पिशवी लावून घ्यायची वेळ आली नाही माझ्यावर." चर्च दणाणलं. बायका रडल्या, पुरुषांनी त्याला मिठ्या मारल्या. क्रॅबट्रीनं ते सगळं फोनवर टिपून लोकांना पाठवलं, आणि कुठकुठल्या गावांतून थर्मनला फोन यायला लागले. नाल ठोकून ठोकून बोटं वाकडी झालेला माणूस, त्याला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मोठं म्हणत होतं.

आल्टाही टाळ्या वाजवत होती, आणि मनात सर्जनचं वाक्य घोकत होती.

आणि आता ती टबाशी वाकली होती. रक्त पुन्हा सुरू होऊन आठवडा उलटला होता, आणि या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त होतं. तिनं चड्डी पिळली, हात पुसले आणि व्हरांड्यात आली.

"सर्जनला फोन करते मी."

"फोनला हात लावायचा नाही."

"थर्मन, अरे, तू पांढरा पडलायस. जिना चढताना थांबतोस."

"मी देवासमोर उभं राहून बोललोय, आल्टा. आता मागे कसा येऊ?"

"देवाला काय तुझी चड्डी दिसत नाही?"

तो उठून तबेल्याकडे निघून गेला. ती तिथंच खांबाला धरून उभी राहिली. कुणाकडे जावं? पास्टरकडे गेलं तर ते प्रार्थना करणार. गेलनकडे गेलं तर तो मान खाली घालणार. सर्जनला फोन केला तर तो म्हणणार, घेऊन या, आणि हा दीडशे किलोचा रेडा काय खांद्यावर टाकून न्यायचा? जीव नुसता तडफडत होता तिचा.

दुपारी ती किराणा दुकानात गेली तर रांगेत पुढे टेसा रोलेट उभी. रोलेटांची धाकटी सून, तीन लहान पोरं, नवरा ट्रकवर. उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली होती. शुक्रवारी तिचं ऑपरेशन ठरलेलं, आणि पोरांना सांभाळायला बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या.

"सिस्टर आल्टा!" टेसानं चर्चमधल्यासारखी हाक मारून तिला मिठीच मारली. "तुम्हाला सांगायचंच होतं. मी ऑपरेशन पुढे ढकललं. गेलनकडून गोळ्या आणल्या. ब्रदर थर्मनचा व्हिडिओ मी रोज बघते. घाबरायला झालं की लावते."

सांग की गं, आल्टाचं मन म्हणत होतं, आत्ता सांग! पण मागे दोन बायका उभ्या होत्या, समोर काउंटरवरची पोरगी कान देऊन होती, आणि नवऱ्याचं असलं दुखणं असल्या जागी उघडं कसं करायचं?

"बरं," ती म्हणाली. "काळजी घे."

काळजी घे! गाडीत बसून तिनं स्टिअरिंगवर मुठी आपटल्या आणि ती हमसून हमसून रडली.

संध्याकाळी थर्मनपुढे ताट ठेवून तिनं सांगितलं. काही मीठमिरची लावली नाही, जसं झालं तसं सांगितलं. थर्मननं चमचा खाली ठेवला.

"ती पोरगी? रोलेटची?"

"तीच."

"तिची थोरली येते तबेल्यात. घोड्यांना सफरचंद घालते." त्यानं ताट दूर सारलं. "माझ्यामुळे?"

"मग कुणामुळे?"

तो जेवला नाही. पण उठताना म्हणाला, "रविवारी बोलतो मी. परत घेतो."

आल्टाला वाटलं, तिच्या छातीवरचा दगडच कुणीतरी उचलला. साक्ष परत घेतली की दवाखान्याची वाट मोकळी. लाज काय, चार दिवसांची. लागलं तर हॉलिससारखं घर विकू, दुसऱ्या गावाला जाऊ, तिथेही घोडे असतीलच.

रविवारी थर्मननं बदामी पँट घातली, शर्टाची वरची गुंडी लावली. भजन झालं. पास्टर लॉफ्टिसनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय? थर्मन पुढच्या बाकाला धरून उभा राहिला. लोकांचे चेहरे खुलले. आमदारानं फोन बाहेर काढला.

"मागं मी साक्ष दिली होती," थर्मन म्हणाला. "ती... मी घाई केली. रक्त पुन्हा जातंय. पहिल्यापेक्षा जास्त जातंय. माझ्या शब्दावर कुणी काही ठरवलं असेल तर—"

"ब्रदर थर्मन," पास्टर खाली उतरून आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सैतान असाच येतो बघा. देवानं बरं केलेल्या माणसाच्या कानाशी लागतो. तुम्ही एकटे नाही आहात."

"नाही, पण मी डोळ्यांनी बघितलं—"

"कुणा डॉक्टरनं घाबरवलं का तुम्हाला?" क्रॅबट्रीनं विचारलं. तोही उठून जवळ आला होता. "त्यांचं पोट कशावर चालतं ते ठाऊक आहे ना?"

"डॉक्टर नाही रे, रँडल. माझंच—"

पण त्याला कोण बोलू देतंय! एकेक करून सगळे पुढे आले. त्याच्या खांद्यांवर, पाठीवर, डोक्यावर हात ठेवले आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागले, की देवा, या भावाच्या मनातली शंका काढ. वाईट माणसं असती तर आल्टानं त्यांना फाडून खाल्लं असतं. पण हीच माणसं तिच्या आईच्या मयताला जेवण घेऊन आली होती, तबेला जळाला तेव्हा यांनीच तो पुन्हा उभा करून दिला होता. त्यांना थर्मन हवा होता म्हणूनच ती माणसं त्याला बोलू देत नव्हती. तो "ऐका तरी" म्हणत होता आणि ते कुणाला ऐकूच येत नव्हतं. त्याला धरून धरून त्यांनी पुढे वेदीपाशी नेलं.

"म्हणा ब्रदर," पास्टर म्हणाले. "मी बरा झालो आहे, म्हणा."

थर्मननं गर्दीतून आल्टाकडे बघितलं. तिनं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही म्हण.

"म्हणा."

"झालोय," थर्मन म्हणाला. "बरा झालोय."

हालेलुयाचा एकच गजर झाला. लोक मागे सरले, थर्मन वेदीकडे तोंड करून एकटा उभा राहिला, आणि तेव्हा आल्टाला दिसलं. बदामी पँटवर मागे तळहाताएवढा लाल डाग आला होता आणि तो पसरत होता.

ती कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. चर्चमध्ये गारठा असतो म्हणून अंगात घातलेलं स्वेटर तिनं काढलं, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि बाह्या पुढे घेऊन त्याच्या कमरेला गाठ मारली. कुणी बघायच्या आत. लेकराची चड्डी ओली झाली की आई पदराआड घेते, तसं. बाकी काही विचारच डोक्यात नव्हता.

"कुणी बघितलं?" थर्मन ओठ न हलवता म्हणाला.

"नाही."

"बघा, बघा!" पास्टर मोठ्यानं म्हणाले. "पवित्र आत्म्यानं त्याचं अंग थरथरतंय, आणि त्याच्या बायकोनं त्याच्यावर पांघरूण घातलं. असा संसार हवा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आल्टा टाळ्यांत उभी राहिली. आपण काय करून बसलो ते आता तिला कळायला लागलं. पुरावा देवानं सगळ्यांसमोर मांडला होता, आणि तिनंच त्याच्यावर स्वेटर बांधलं.

गर्दीतून टेसा आली. धाकटं पोर कडेवर होतं. तिनं मोकळ्या हातानं थर्मनच्या कमरेला विळखा घातला, अगदी त्या स्वेटरवरून, आणि त्याच्या छातीला डोकं टेकलं.

"मघाशी तुम्ही बोललात तेव्हा मी पुरती घाबरले होते हो, ब्रदर थर्मन," ती म्हणाली. "आता नाही भीती. उद्याच फोन करते आणि ऑपरेशन कायमचंच रद्द करून टाकते."

थर्मनचा हात त्या पोराच्या पाठीवर होता आणि डोळे आल्टावर.

आल्टानं टेसाला हळूच बाजूला केलं. मग तिनं स्वेटरची गाठ सोडली. नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांना धरून तिनं त्याची पाठ लोकांकडे वळवली.

"हा पवित्र आत्मा नाही," ती म्हणाली. "हे रक्त आहे. रोज जातंय. रोज मी धुते. मघाशी तो खरं सांगत होता आणि तुम्ही त्याला बोलू दिलं नाहीत. आता बघा! तुम्हीपण बघा, आमदारसाहेब, आणि हेही टिपा तुमच्या फोनवर."

क्रॅबट्रीनं फोन खिशात घातला. कुणीतरी पोरांची तोंडं फिरवली. पास्टरांचा हात हवेतच राहिला होता आणि तो खाली घ्यायचा असतो हे ते विसरले होते.

थर्मन मानेपर्यंत लाल झाला. आता हा मला झटकून बाहेर जाईल आणि पुन्हा जन्मात माझ्याशी बोलणार नाही, असं आल्टाला वाटलं. पण तो गेला नाही. तो वळला, आणि बायकोकडे न बघता टेसाकडे बघून बोलला.

"पोरी, तू ऑपरेशन करून घे. माझ्याकडे बघून थांबू नकोस. मी खोटं बोललो, आत्तासुद्धा खोटं बोललो."

टेसा रडत होती. "आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

अख्खं चर्च त्या उत्तरासाठी थांबलं होतं. आल्टाही.

"मला उशीर झालाय," थर्मन म्हणाला. "कळतंय मला. आतून कळतं."

"ते तू ठरवायचं नाहीस!" आल्टा ओरडली. तिनं त्याचा दंड धरला. "ते सर्जन ठरवेल. चल. आत्ता चल, असाच."

"असा? लोक बघतायत, आल्टा."

"बघू देत."

तिनं ओढलं. तो हलला नाही. एवढा मोठा माणूस, घोड्यानं लाथ मारली तरी न पडणारा, तो तिथंच उभा राहून हुंदके द्यायला लागला.

"पिशवीचं नाही गं," तो म्हणाला. "पिशवीचं मी उगीच सांगत होतो. मला भीती वाटते. टेबलावर झोपवतील आणि मी उठणारच नाही, याची भीती वाटते."

एवढे दिवस हा बाबा हेच एक वाक्य गिळून बसला होता. वसंतातच बोलला असता तर तिनं त्याला कुशीत घेऊन नेलं असतं.

"मलापण वाटते," आल्टा म्हणाली. "चल."

मग तो हलला. दोन्ही बाजूंच्या बाकांमधून दोघं दाराकडे चालत गेले, त्याची पाठ सगळ्यांना दिसत होती, आणि ती झाकायला या खेपेला आल्टानं हात पुढे केला नाही.